टाकाऊ कोणाला म्हणावे?

आजवर पाहिलेला सर्वांत टाकाऊ चित्रपट कोणता, असे कोणी विचारले की आपण चटकन एखाद्या गरीब निर्मात्याकडे बोट दाखवितो. हलणारी भिंत, पुठ्ठ्याचा डोंगर, निसटलेली दाढी! या हसण्याला आमचा आक्षेप आहे. ज्याच्यापाशी पैसा नव्हता त्याची उणीव पडद्यावर दिसली, एवढाच त्याचा अपराध.

खरे दारिद्र्य 2007 सालच्या 'राम गोपाल वर्मा की आग'मध्ये दिसते. नामवंत दिग्दर्शक, अमिताभ बच्चन व मोहनलाल यांच्यासारखे नट आणि समोर 1975 च्या 'शोले'चा कित्ता. उणे काय होते? प्रेक्षकाविषयीचा आदर! 'शोले'च्या हक्कांचा भंग झाला म्हणून 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 10 लाख रुपयांची भरपाई ठरविली. तिकीट काढून बसलेल्यांची भरपाई कोण करणार?

हा प्रश्न वऱ्हाडाने विचारलाच पाहिजे. मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून केव्हाच पुसला गेला. चित्रपटव्यवसायाच्या वहीत मात्र 'सी. पी. बेरार' हे नाव टिकून राहिले आणि अमरावती हे वितरणाचे मोठे ठाणे ठरले. त्या वहीत अमरावती-अकोल्याचा प्रेक्षक केवळ वसुलीचा आकडा असतो. नावाजलेल्यांचा निष्काळजीपणा आपण हसण्यावारी नेतो, तोवर तो आकडाच राहील. वाचकहो, साधनहीनाला सवलत द्यावी. साधनसंपन्नाकडून मात्र चोख हिशेब मागावा.