उकळत्या दुधाला विरजण का लावत नाहीत?



'तापमान वाढवले की रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढतो' हे वाक्य आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. तापमान, कणांचा आकार, संहती, उत्प्रेरक. मुलं हे घटक धडाधड म्हणून दाखवतात आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

मागच्या हिवाळ्यात सातवीच्या वर्गात मी हेच वाक्य फळ्यावर लिहिलं. एक मुलगी उठली. "बाई, मग माझी आजी दूध कोमट झाल्यावरच विरजण का लावते? उकळत्या दुधात दही लवकर नाही का लागणार?" तास संपत आला होता. मी म्हटलं, "तो वेगळा विषय आहे, बस खाली." ती बसली. नंतर महिनाभर तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

विषय वेगळा नव्हताच. दही लागताना दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार होतं, म्हणजे ही रासायनिक अभिक्रियाच. ती घडवून आणतात विरजणातले जिवाणू, आपल्या विकरांच्या मदतीनं. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरात तयार होणारे उत्प्रेरक. साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास हे काम जोरात चालतं. थंडीत रेंगाळतं, म्हणून तर आपण भांडं टॉवेलात गुंडाळून ठेवतो. उकळत्या दुधात मात्र जिवाणू मरतात, विकरांची रचनाच बिघडते. तिच्या एका प्रश्नात आपल्या यादीतले दोन घटक होते, आणि मी तो खाली बसवला.

आपली उदाहरणंही जरा तपासूया. 'गरम चहात साखर लवकर विरघळते' हे उदाहरण मी स्वतः कितीतरी वर्षं दिलं! पण साखर विरघळणं हा भौतिक बदल. नवा पदार्थ तयारच होत नाही. त्यापेक्षा कुकर बरा. दाब वाढल्यामुळे कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ उघड्या पातेल्यापेक्षा लवकर शिजते.

माझं स्पष्ट मत आहे, की घटकांची यादी आधी देऊच नये. 'मग अभ्यासक्रम कधी संपणार?' असं विचाराल. अहो, दही लागायला तास वाया जात नाही, ते कोपऱ्यात आपोआप लागतं! शेवटी मी सकाळीच वर्गात तीन वाट्या मांडल्या. दूध सारखं, विरजण एकेक चमचा. एक वाटी कोमट दुधाची, गुंडाळलेली. दुसरी तशीच, पण उघड्यावर. तिसरीत उकळतं दूध (ते मीच ओतलं, घरी केलंत तर तुम्हीच ओता). दर तासाला मुलं वहीत नोंद करत होती. शाळा सुटेपर्यंत पहिलीत दही लागलं, दुसरीतलं पातळच होतं, तिसरीत नुसतं दूध.

ती मुलगी तिसऱ्या वाटीला हात लावून बघत होती. म्हणाली, "बाई, आता तर हे गार झालंय ना? मग आता का नाही लागत?"