लिहिलेले वाचून दाखवा, मगच सही!

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळली. सौदी अरेबियाचे विमान दिल्लीहून वर चढत होते, कझाकस्तानचे दिल्लीत उतरत होते. दोन्ही विमानांतील सर्वच्या सर्व ३४९ माणसे मेली. सौदी विमानात पोटासाठी आखाताकडे निघालेल्या मजुरांचा मोठा भरणा होता.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत काय निघाले? कझाक विमानाने १५ हजार फुटांवर थांबायचे होते, सौदी विमानाने १४ हजारांवर. कझाक विमान थांबलेच नाही, ते खाली आले. त्या वैमानिकांचे इंग्रजी कच्चे होते. नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर एक, विमान चालविणारे दुसरेच. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाची उंची दिसत नव्हती. वैमानिक सांगेल तेच नियंत्रकाने खरे धरायचे!

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाचे एक विमान इंधन संपून कोसळले आणि ७३ माणसे मेली. सहवैमानिकाने इंधन संपत आल्याचे सांगितले होते. ‘आम्हाला प्राधान्य द्या’ अशी विनंतीही केली होती. पण ‘आणीबाणी’ हा शब्द त्याने उच्चारला नाही. तो शब्द आला असता तर नियंत्रकाला बाकीची विमाने बाजूला सारून याला वाट करून द्यावीच लागली असती. विनंती केली की रांगेत उभे राहावे लागते. हक्काचा शब्द उच्चारला की यंत्रणेला हलावे लागते.

आणि १९७७ मधील टेनेरिफ? धुक्यात धावपट्टीवर दोन जम्बो विमाने धडकली, ५८३ माणसे गेली. समोरचे विमान अजून धावपट्टीवर असेल, अशी शंका डच विमानातील फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखविली होती. कप्तान मोठा, अनुभवी, कंपनीचा प्रशिक्षक. त्याने शंका उडवून लावली. पुन्हा कोणी तोंड उघडले नाही. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. वरिष्ठांपुढे मान तुकविण्याची किंमत विमानातही मोजावी लागते.

विमान वाहतुकीत एक साधा नियम आहे. नियंत्रकाने आदेश दिला की वैमानिकाने तो परत म्हणून दाखवायचा आणि नियंत्रकाने तो कान देऊन ऐकायचा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करायची. दोघांपैकी एकानेही कंटाळा केला तर माणसे मरतात.

आता आमच्या वस्तीतला माणूस पोलीस ठाण्यात जातो तेव्हा काय होते ते पाहू. तो रडत, अडखळत सांगतो. ठाणे अंमलदार आपल्या सरकारी भाषेत लिहितो. जातीवाचक शिवीगाळ ‘किरकोळ वाद’ होते. हल्ला ‘झटापट’ होतो. आमचा माणूस म्हणतो, ‘साहेब, जरा बघा की आमचं!’ आणि दाखविलेल्या जागी अंगठा उठवतो. पुढे न्यायालयात आरोपीचा वकील तोच कागद फडकवून विचारतो, हे तुम्ही तेव्हा का सांगितले नाही? सांगितलेले असते, पण कागदावर उतरलेले नसते. आरोपी सुटतो, गावात मिरवणूक निघते.

हे थांबविण्याचे हत्यार कायद्यात आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ मध्ये झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यातील कलम ४ नुसार तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेतल्यावर, सही घेण्यापूर्वी, ती फिर्यादीला वाचून दाखविणे हे पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. फिर्यादीची प्रतही तत्काळ द्यायची आहे. जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे. वाचून दाखविणे हे साहेबांचे उपकार नव्हेत!

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. फिर्यादीला एकट्याने ठाण्यात पाठवू नका. ‘जरा बघा’ म्हणू नका, ‘अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवा’ म्हणा. शिवी जशी दिली तशीच लिहायला लावा. वाचून दाखविल्याशिवाय सही नाही, प्रत घेतल्याशिवाय ठाणे सोडायचे नाही. बाबासाहेबांनी आम्हाला बोलायला शिकविले. बोललेले कागदावर जसेच्या तसे उतरते की नाही, हे पाहणे आता आमचे काम आहे.