शंभर दाणे आणि सात बुड्या

पेरणी तोंडावर आली की फोन सुरू होतात, बियाण्याला टॉनिक कुठलं लावू? मी विचारतो, उगवण तपासली का? पलीकडे शांतता.

घरच्या सोयाबीनचे सरसकट १०० दाणे घ्या, निवडून नको. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावा, गुंडाळा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. आठवड्याने कोंब मोजा. ७० किंवा जास्त चांगले निघाले तर एकरी ३० किलो नेहमीचंच. थोडे कमी, तर बियाणं त्या हिशेबात वाढवा. फारच कमी, तर बियाणंच बदला. खर्च काही नाही. बहुतेक म्हणूनच कुणी करत नाही.

बायबलमधला नामान असाच (२ राजे, अध्याय ५). अरामाचा सेनापती, अंगावर कोड. अलीशा संदेष्ट्याने नुसता निरोप धाडला, यार्देनेत सात वेळा बुडी मार. गडी भडकला, आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत? समजूत घातली ती चाकरांनी. अवघड काही सांगितलं असतं तर केलंच असतं ना, मग हे का नाही? गेला, बुडाला, बरा झाला.

मला त्यातले चाकरच जास्त आवडतात. आपल्याकडे बी निवडणाऱ्या बायका फुटकी डाळ बघून आधीच सांगतात, हे उगवायचं नाही. ऐकतं कोण?

पावसाने ओढ दिली तर गोणपाट काही करणार नाही, हेही खरं. पण बी खराब म्हणून दुबार पेरणी म्हणजे बियाणं, ट्रॅक्टर, मजुरी पुन्हा, वर हंगाम मागे. ७५ ते १०० मिमी पाऊस होईपर्यंत थांबायचंच आहे, तेवढ्यात कोंब मोजून होतात.