‘थ्री नॉट थ्री’चे पुढे काय?

26 जानेवारी 2020 च्या संचलनात उत्तर प्रदेश पोलिसांनी ‘थ्री नॉट थ्री’ला निरोप दिला. 2008 च्या मुंबई हल्ल्यात एके-47 पुढे ती किती तोकडी पडली हे आपण पाहिलेच. तेव्हा या निरोपाची मला हळहळ नाही. प्रश्न पुढचा आहे. इंग्लंड-अमेरिकेतली हौशी मंडळी हीच ली-एनफिल्ड विकत घेऊन, गंज काढून, लाकडी दस्त्याला जवसाचे तेल चोळून जपतात. आपल्याकडे हा बोअर सामान्य माणसाला निषिद्ध! त्यात 2019 च्या दुरुस्तीने परवान्यावरच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, वारशाच्याही त्यातच धरल्या. कायदा कडक हवाच. पण ईशापूरच्या सरकारी कारखान्यात घडलेल्या काही बंदुका निकामी करून जिल्ह्याच्या संग्रहालयात ठेवायला काय हरकत आहे? भंगाराच्या भावाने असे कितीसे पैसे येणार?