भाऊंची चिठ्ठी

तिगावात कोणाचे सरकारदरबारी काही अडले, की शेजारीपाजारी एकच उपाय सांगतात : "भाऊंची चिठ्ठी आणा." भाऊ म्हणजे आमदार, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. वारसाची नोंद, पेन्शन, रेशनकार्ड, जळालेली डी.पी., सगळ्या दुखण्यांवर हीच मात्रा. सकाळी त्यांच्या दारी चपलांचा ढीग पडतो.

त्या ढिगात एकदा माझ्याही चपला होत्या, हे आधीच सांगून टाकतो. वडिलांच्या पश्चात संत्र्याचा बगीचा आम्हा दोघा भावांच्या नावे व्हायचा होता. आमच्या आडनावात 'ळ' आहे. खसऱ्यात त्याचा 'ल' झाला, आधारवर तिसरेच काही, आणि त्यापायी किसान निधीचे हप्ते अडकले. कचेरीतला बाबू म्हणाला, "हिंदी में 'ळ' होता कहाँ है?" भाऊंकडचा पोरगा मात्र आपल्या बोलीत बोलला, "बसा काकाजी, चहा घ्या, देतो लिहून." निम्मे काम त्या 'काकाजी'नेच झाले! चिठ्ठी मिळाली, माझी नोंद सुधारली. आणि निवडणुकीत तोच पोरगा घरी येऊन चिठ्ठीची आठवण देऊन गेला.

राग आहे तो त्या आठवणीचा. चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याची सोय १९५९ च्या भू-राजस्व संहितेतच आहे. २०१० साली मध्य प्रदेशाने लोकसेवा गारंटी कायदा केला. देशात असा कायदा करणारे हे पहिले राज्य. त्यात जाहीर झालेल्या सेवांसाठी अर्ज द्यायचा, पावती घ्यायची. मुदत टळली तर अपील, मग दुसरे अपील, आणि उशीर करणाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड. उलट आमदाराच्या चिठ्ठीला कायद्यात काडीचे वजन नाही. जे हक्काचे, ते आम्ही हात जोडून घेतो आणि उपकार म्हणून मत देतो!

कोणी म्हणेल, निराधार म्हातारीने अपिले करत कुठे हिंडायचे? अगदी बरोबर. तिला चिठ्ठी मिळावीच. पण मास्तर, दुकानदार, शिकलेली पोरे, आपण त्याच दारात उभे राहिलो की तिचा नंबर मागे जातो.

१९५६ साली नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, कचेरी जवळ आली. भाषा मात्र होती तिथेच राहिली. राज्यघटनेचे ३५० वे कलम सांगते, की राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. (उत्तर कोणत्या भाषेत येईल, ते कलम सांगत नाही!) भाऊंकडे मागायचेच तर हे मागा : भोपाळच्या विधानसभेत उभे राहून विचारा, सौंसर-पांढुर्ण्याच्या दप्तरात 'ळ' का चालत नाही? हे काम पटवारी करू शकत नाही, मीही नाही. ते फक्त त्यांचेच.

माझ्या धाकट्या भावाचे नाव खसऱ्यात अजून 'ल'वरच आहे. यंदा त्याचा अर्ज आम्ही मराठीत लिहिला. बाबूने तो दोनदा उलटून पाहिला. पावती घेतल्याशिवाय आम्ही हललो नाही.