चुकलेली सुई, न विचारलेला प्रश्न

मधुमेही मुलीने इन्शुलिनची सुई चुकविली की घरात ती ‘बेशिस्त’ ठरते आणि दवाखान्यात ‘ऐकत नाही’ असा शेरा तिच्या वाट्याला येतो. हा निवाडा सोपा आहे. पण तो अनेकदा अन्यायाचा असतो.

टाइप १ मधुमेहात शरीर स्वतःचे इन्शुलिन जवळजवळ निर्माणच करीत नाही. उपचारापूर्वी रोगी वाळत जातो. इन्शुलिन सुरू होताच वजन भरून येते. मात्रा कमी केली की साखर लघवीवाटे वाहून जाते आणि वजन उतरते, हे मुलीला कोणी न सांगताही उमगते. कृश देहालाच सौंदर्य ठरविणारा जाहिरातींचा बाजार आणि प्रत्येक घासाचा हिशेब मागणारा आजार, अशा कात्रीत ती सापडते. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. परिणाम भयंकर आहेत. बोस्टन येथील स्त्रियांच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३० टक्के जणींनी आपण इन्शुलिन कमी घेतो असे सांगितले होते; पुढील ११ वर्षांत त्यांच्यातील मृत्यूचा धोका तिपटीहून अधिक आढळला.

हा विकार चटकन ओळखू येत नाही, कारण रोगी हाडांचा सापळा झालेला असतोच असे नाही. खुणा निराळ्या असतात : तीन महिन्यांची सरासरी साखर सतत चढलेली, रक्तातील आम्लता वाढून वारंवार रुग्णालयात भरती, वजन करून घेण्यास नकार, चोरून सुई घेणे, लवकर न संपणारी इन्शुलिनची कुपी. एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. विचारण्याचे निमित्त मात्र नक्कीच आहे. ब्रिटनमध्ये थेरेसा मे व जॉर्ज हॉवर्थ यांच्या संसदीय चौकशीने २०२४ साली मधुमेह आणि मन यांच्या उपचारांची सांगड घालण्याचा आग्रह धरला, तो याचसाठी.

आपल्याकडे आणखी एक विवेक हवा. पैसा नाही म्हणून मात्रा तोडणारा मजूर आणि वजनाच्या भीतीने ती तोडणारी मुलगी यांच्या रक्ताचा अहवाल सारखाच येतो. एकाला औषध हवे, दुसरीला मनाचा उपचार. उपदेश दोघांनाही नको.

म्हणून प्रत्येक तपासणीत, नातेवाइकांना बाहेर बसवून, आरोपाचा सूर न लावता विचारले गेले पाहिजे : ‘सुई घेणे कधी जड जाते का? वजनाची भीती वाटते का?’ मोफत इन्शुलिनची मागणी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाचीही मागणी करावी. कुपी हातात पडली, पण ती टोचून घेण्याचे बळ मनात उरले नाही, तर आरोग्याचा हक्क कागदावरच राहील.