मृगाआधी उत्तर हवे

अर्ज देऊन झाले. निवेदने देऊन झाली. पोच मिळाली. उत्तर मिळाले नाही.

म्हणून हा इशारा.

आम्ही परभणी जिल्ह्यातले कापूस उत्पादक. मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि परभणी, असे नऊ तालुके. बोलतो आहोत केंद्र सरकारशी. आयात शुल्काची लेखणी त्याच्याच हातात आहे.

विषय एकाच वर्षातल्या दोन तारखांचा आहे.

२१ एप्रिल २०२५. सपाट पोलादाच्या आयातीवर सरकारने १२ टक्के हंगामी संरक्षक शुल्क लावले. मुदत २०० दिवस.

१८ ऑगस्ट २०२५. कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क सरकारने काढून टाकले. अंमल दुसऱ्या दिवसापासून.

पोलादाला संरक्षण मिळाले, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. देशातला कारखाना जगला पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. ते १२ टक्के कसे चढले आणि आमचे ११ टक्के कसे उतरले?

पोलाद उत्पादकांच्या संघटनेने अर्ज केला. डिसेंबर २०२४ मध्ये चौकशी सुरू झाल्याची सूचना निघाली. व्यापार उपाय महासंचालनालयाने आकडे मागवले. मार्चमध्ये प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते कुणालाही वाचता आले. शुल्क लागले त्यानंतर.

अँटी-डम्पिंग शुल्काची रीत तर याहून कडक. सीमाशुल्क दर कायदा, १९७५ चे कलम ९-अ आणि १९९५ चे नियम. माल घरच्या भावापेक्षा स्वस्तात इथे ओतला गेला का? त्याने देशी उद्योगाला हानी झाली का? हे आकड्यांनी दाखवावे लागते. उत्पादकाला ऐकतात. आयातदाराला ऐकतात. माल वापरणाऱ्यालाही ऐकतात. अंतिम निष्कर्षाआधी सगळ्यांसमोर मुद्दे ठेवतात. एवढे करूनही कुणाला अन्याय वाटला, तर अपील न्यायाधिकरण आहे. त्याच्यावर न्यायालये आहेत.

आणि न्यायालयांनी या बाबतीत सरकारला मोकळे सोडलेले नाही.

टायरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले की सुनावणी एका अधिकाऱ्याने घ्यायची आणि निर्णय दुसऱ्याने द्यायचा, हे चालणार नाही. ज्याने ऐकले त्यानेच ठरवायचे. २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरणाने अर्थ मंत्रालयाला सांगितले की शुल्काची शिफारस नाकारायची असेल तर कारणे द्यावी लागतील. फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात चिनी स्टेनलेस स्टीलवरचे अनुदानविरोधी शुल्क मागे घेतले गेले. कारण दिले जनहिताचे. प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेले. फेरआढावा न घेता शुल्क असे काढता येत नाही, असा निकाल आला.

म्हणजे स्टीलच्या पत्र्यावरचे शुल्क चौकशीवाचून काढले, तर न्यायालय आडवे येते.

कापसाच्या वाट्याला यातले काय आले?

काहीच नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ चे कलम २५. जनहितासाठी आवश्यक आहे अशी सरकारची खात्री पटली की अधिसूचना निघते. ती खात्री कशावरून पटली, हे आम्हाला विचारता आले नाही. सूचना नाही. सुनावणी नाही. हानीचा आकडा नाही. निघाले ते एक पत्रक. वस्त्रोद्योगाला कापूस मिळावा म्हणून, असे त्यात होते. कापूस पिकवणाऱ्याचे काय होईल, त्यावर एक ओळ नव्हती.

हे शुल्क फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पाने लावले होते. पाच टक्के मूळ शुल्क, पाच टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर, वर अधिभार. शेतीच्या नावाने लावलेला उपकर शेतकऱ्याला न विचारता गेला.

तेव्हा आमच्या रानात काय चालले होते, तेही नोंदवून ठेवा. कपाशी पात्या-फुलांवर होती. खालच्या फांदीला बोंडे धरत होती. बियाणे, खत, फवारणी, निंदणी, सगळा खर्च मातीत गेलेला होता. पीक बदलायची वेळ टळून गेली होती. पोळा तोंडावर होता. सवलत लागताच भारतीय कापूस महामंडळाने आपल्या साठ्यातल्या रुईचे विक्रीदर उतरवले. बाजाराला इशारा मिळाला. आमचे एक बोंडही अजून फुटले नव्हते.

सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती. आम्ही म्हटले, चला, दसऱ्याच्या आत संपेल.

२८ ऑगस्टला ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. गणपती बसून एक दिवस झाला होता. आदल्याच दिवशी अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागू केले होते. गिरण्यांच्या निर्यातीला फटका बसणार होता, हे आम्हाला कळते. पण त्या फटक्याची भरपाई ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतून काढली गेली. आमचा कापूस बाजारात येतो ते हेच तीन महिने.

मग सप्टेंबरचा पाऊस आला. गोदावरी, दुधना, पूर्णा, सगळ्या भरून वाहिल्या. बोंडे झाडावर काळी पडली. जे वाचले ते ओले होते.

सरकारचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. हमीभाव आहे ना. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला ८,११० रुपये होता. खरेदी केंद्रे आहेत. ॲपवर नोंदणी करा.

त्या केंद्रावर काय होते ते सांगतो. पहाटे लावलेली गाडी दुपारी काट्याजवळ सरकते. ग्रेडर कापसात हात घालतो. ओलावा मोजायचे यंत्र ढिगात खुपसतो. आकडा आठच्या वर गेला की भाव कापला जातो. बाराच्या वर गेला की गाडी परत. परतीच्या वाटेवर खासगी जिनिंगचे फाटक असते. तिथला भाव हमीभावाच्या बराच खाली. गाडीचे भाडे अंगावर. वेचणीची मजुरी रोख दिलेली. घरात आढ्यापर्यंत कापूस भरलेला, पोरांच्या अंगाला खाज सुटलेली. माणूस फाटकातून आत वळतो.

खासगी भाव का खाली होता? बंदरावर रुई शुल्काविना उतरत होती. एवढी साधी गोष्ट आहे.

आमच्या सहनशीलतेची नोंद सरकारकडे असली पाहिजे. १४ एप्रिल २०२२ ला हेच शुल्क असेच काढले होते. तीही मुदत सप्टेंबरवरून ऑक्टोबरअखेर वाढवली होती. तेव्हा क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला होता. गिरण्या खरोखर अडचणीत होत्या. आम्ही ते समजून घेतले. गप्प बसलो.

त्या गप्प बसण्याचा अर्थ संमती असा लावला गेला. ती संमती आज मागे घेत आहोत.

सरकारी वकील न्यायालयात काय म्हणतील, त्याची तयारी आम्ही केली आहे. ते म्हणतील, हे आर्थिक धोरण आहे, न्यायालयाने त्यात पडू नये. ते म्हणतील, शेतकऱ्यांना हवे तर त्यांनीही पोलादवाल्यांसारखा अर्ज करावा.

अर्ज कोण करणार? अँटी-डम्पिंगच्या अर्जाला देशी उत्पादनाचा किमान २५ टक्के वाटा असलेल्या उत्पादकांचा पाठिंबा लागतो. पोलादात तो मूठभर कंपन्यांत भरतो. कोरडवाहूच्या दोन-तीन एकरांतून तो कसा भरायचा? दुसरी अडचण याहून खोल आहे. आयात होते ती रुई. आम्ही विकतो तो सरकीसकट कापूस. २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने अमेरिकेच्या प्रकरणात ठरवले की कोकरे पाळणारा कोकराच्या मांसाचा उत्पादक ठरत नाही. उद्या हाच न्याय आम्हाला लावला, तर कायद्याच्या नजरेत कापूस पिकवणारा हा उत्पादकच राहणार नाही.

पण अनुदानविरोधी शुल्काच्या १९९५ च्याच नियमांत एक दार आहे. कुणाच्याही अर्जाशिवाय, मिळालेल्या माहितीवरून, चौकशी स्वतःहून सुरू करता येते. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देते, ही माहिती गुप्त नाही. ब्राझील त्यावरून जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन त्याने वाद मिटवला. ब्राझीलच्या सरकारने ते आपल्या कापूस उत्पादकांसाठी केले. आमच्या सरकारने अनुदान मिळालेल्या त्याच कापसाला दार उघडून दिले.

धोरण न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, या भरवशावरही कुणी राहू नये. पिवळ्या वाटाण्याच्या शुल्कमुक्त आयातीविरुद्ध शेतकरी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली.

कापसाच्या सवलतीची मुदत ३१ डिसेंबरला संपली. गिरण्यांकडून ती पुन्हा मागितली जात आहे. म्हणून आता बोलतो आहोत, पेरणीच्या आधी.

१८ आणि २८ ऑगस्टच्या निर्णयांमागची टिपणे सरकारने जाहीर करावीत. कापूस उत्पादकाच्या हानीचा विचार झाला होता का, एवढे त्यावरून कळले पाहिजे.

यापुढे कापसावरच्या शुल्काला हात लावण्याआधी सूचना काढावी. सुनावणी घ्यावी. ती दिल्लीत नको, कापूस पिकतो त्या जिल्ह्यांत घ्यावी. कारणे लेखी द्यावीत. ऑक्टोबर ते मार्च या काळात कोणतीही सवलत लागू करू नये.

अनुदानित कापसाची चौकशी स्वतःहून सुरू करावी.

यात सवलत कोणतीच नाही. पोलादाला जी रीत लागू आहे, ती कापसाला लावा, इतकेच आहे.

मुदत ७ जून. मृग निघतो तो दिवस. मुदतवाढ मिळणार नाही.

त्या दिवसापर्यंत लेखी उत्तर आले नाही, तर पुढचे ठरलेले आहे. सुट्टी संपून उच्च न्यायालय उघडेल, त्या दिवशी औरंगाबाद खंडपीठात आमची याचिका दाखल होईल. गावोगावचे कापूस उत्पादक सहीने त्यात अर्जदार असतील. सात-बारा, पीकपेरा, विक्रीच्या पट्ट्या, केंद्रावरून परत आलेल्या गाड्यांच्या नोंदी, सगळे गावनिहाय लावून ठेवले आहे. हानीचा जो आकडा सरकारने काढला नाही, तो आम्ही काढला आहे.

नऊही तालुक्यांत ग्रामसभा होतील. कपाशीचा पेरा किती कमी करायचा, हे गाव ठरवेल आणि गाव पाळेल. सोयाबीन आहे, तूर आहे, हळद आहे. त्यांच्याही भावाचे दुखणे आहे, ते आम्ही सोसू. जिनिंगच्या फाटकात ऑक्टोबरात गाड्या दिसणार नाहीत.

आणि हंगामाच्या मध्यात पुन्हा अधिसूचना निघालीच, तर वेचलेला कापूस घरातून हलणार नाही. खाजेची आम्हाला सवय आहे.

उत्तर लेखी द्यावे. तोंडी आश्वासन घेऊन येणाऱ्याला कुठल्याही गावात सभा मिळणार नाही.